नाताळच्या भेटी: मुलांसाठी किती खर्च करायचा, हे ठरवायचं कसं

वसईतल्या आमच्या आळीत सांता गुपचूप येत नाही. नाताळच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी तो टेम्पोतून वाजतगाजत येतो, बाळ येशूच्या जन्माच्या देखाव्यासमोर, म्हणजे गोठ्यासमोर, खुर्ची टाकून बसतो आणि एकेका मुलाचं नाव पुकारतो. भेटी आईवडिलांनीच नावाची चिठ्ठी लावून आळीतल्या तरुण पोरांकडे आधी पोचवलेल्या असतात. लहान मुलांना हे ठाऊक नसतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाला त्या खुर्चीवरून २,८०० रुपयांची रिमोटची गाडी मिळाली. त्याच्या पाठोपाठ शेजारच्या मुलाचं नाव आलं. त्याला रंगपेटी मिळाली. रात्री त्याची आई माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "हा विचारतोय, मी यंदा जास्त त्रास दिला का गं आई?" मला उत्तर सुचलं नाही. ती गाडी मी हप्त्यांवर घेतली होती. तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, तिची बॅटरी चार्ज होईनाशी झाली, आणि हप्ते मार्चपर्यंत चालले.

तेव्हापासून मी आकडा आधी ठरवते आणि भेट नंतर शोधते. माझी पद्धत इथे घरच्या हिशेबासकट लिहिते आहे. आकडे तुमचे वेगळे असतील, पण क्रम हाच ठेवा.

सणाचा हिशेब आधी

"मुलांना काय घ्यायचं" या प्रश्नापासून सुरुवात केली की दुकान आकडा ठरवतं. म्हणून भेटींचा विचार अगदी शेवटी करायचा. वही घ्या आणि नाताळचे जे खर्च टळणारच नाहीत ते लिहून काढा. आम्ही चौघं आहोत. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. आमची यादी अशी:

कपडे आणि शिलाई: ७,००० रुपये
कुलकुल, करंज्या, केक आणि नाताळच्या दिवशीचं जेवण: ४,५००
गोठा, तारा, दिव्यांच्या माळा: १,०००
चर्चचं दान आणि एका घराला किराण्याची पिशवी: १,०००
माहेरी जाणं-येणं: १,०००

बेरीज १४,५००. आम्ही दर महिन्याला १,५०० रुपये सणासाठी बाजूला काढतो, म्हणजे वर्षाला १८,०००. उरले ३,५००. सगळ्या मुलांच्या भेटी मिळून आमचा आकडा एवढाच. त्यातून भाचा, दोन पुतण्या आणि मी जिची गॉडमदर (बाप्तिस्म्यातली धर्ममाता) आहे ती मुलगी, अशा चौघांना २५० प्रमाणे १,००० जातात. राहिले २,५००. माझ्या दोघांना प्रत्येकी १,२५०.

दानाची ओळ मी भेटींच्या आधी लिहिली आहे, ती मुद्दाम. शेवटी लिहिली की तीच आधी कापली जाते.

काही घरांत नवे कपडे हीच नाताळची भेट मानतात. माझ्या लहानपणी आमच्याकडेही तसंच होतं आणि त्यात काही उणं वाटलं नाही. पण आता मुलं कपड्यांना भेट समजत नाहीत. तुमच्या घरी कपडे भेटीत धरायचे असतील तर मुलांना ते ऑक्टोबरातच सांगा. नाताळच्या सकाळी सांगितलं तर त्यांना ते फसवल्यासारखं वाटतं.

आकडा झेपणारा आहे का?

हातात येणारा महिन्याचा पगार २६ ने भागा. आमच्या घरी ३९,००० येतात, म्हणजे दिवसाचे १,५००. ३,५०० रुपये ही आमच्या घराची सव्वादोन-अडीच दिवसांची कमाई. सगळ्या मुलांच्या भेटी मिळून तीन दिवसांच्या कमाईपुढे जाऊ नयेत, असं मी ठरवलं आहे. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, माझ्या अनुभवातला आहे. रोजंदारीवर किंवा वाडीच्या उत्पन्नावर घर चालत असेल तर चांगल्या महिन्याचा आकडा धरू नका. वर्षातल्या सगळ्यात हलक्या महिन्याचा धरा.

दुसरी परीक्षा जानेवारीची. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या साधारण चार आठवड्यांत, आमच्याकडे सहसा लग्नं लागत नाहीत, त्यामुळे नाताळ झाला की लग्नांची रांग लागते. जवळच्या घरची तीन लग्नं म्हटली तरी अहेर, साडी, येणं-जाणं धरून पाच-सहा हजार जातात. त्यातच शाळेच्या फीचा हप्ता येतो. डिसेंबरात पैसे शिल्लक दिसतात ते खरे या खर्चांचे असतात. म्हणून १ जानेवारीला खात्यात किती उरलेच पाहिजेत तो आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. भेटींच्या हिशेबात तो आकडा मोडत असेल तर भेटी कमी करा, दुसरं काही नको.

वर्षभर जमवायचं कसं

बहुतेक कंपन्यांत आणि कारखान्यांत बोनस दिवाळीला मिळतो. आपला सण त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी येतो, आणि तोवर बोनस घरखर्चात विरून जातो. बोनस आला त्याच दिवशी त्यातला नाताळचा भाग दुसऱ्या खात्यात टाका. एटीएम कार्ड नसलेलं खातं असेल तर उत्तम.

त्याहून सोपा उपाय म्हणजे आवर्ती ठेव, जिला आपण आरडी म्हणतो. आमच्याकडल्या कितीतरी घरांचं खातं १९१८ सालापासूनच्या बसीन कॅथॉलिक बँकेत आहे, तुमचं दुसरीकडे असेल. कुठल्याही बँकेत १२ महिन्यांची आरडी ऑक्टोबरात सुरू करा. पुढच्या ऑक्टोबरात पैसे हातात येतात, म्हणजे शिंप्याकडे गर्दी व्हायच्या आत कापड घेता येतं आणि दिवाळीच्या सवलतीतली खेळणीही. डिसेंबरात पिकणारी आरडी नाताळाला उशिरा पडते. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती या कामासाठी नाही.

हे वाचताना नोव्हेंबर संपत आला असेल आणि काहीच जमवलेलं नसेल, तर यंदाचा आकडा म्हणजे नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन पगारांतून घरखर्च भागून जे उरेल त्यातला फार तर निम्मा भाग. तो ६०० रुपये निघाला तर ६००. सहाशे रुपयांत दोन मुलांचा नाताळ आनंदाचा होतो. आमच्याकडे एका वर्षी झाला आहे.

सांताची भेट लहान आणि सगळ्यांची सारखी

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे.

लहान मुलाला पक्कं वाटत असतं की सांता पैसे बघत नाही, वागणूक बघतो. आपणच वर्षभर त्याला तसं सांगत असतो. मग सांताने एकाला सायकल आणि दुसऱ्याला पेन्सिलचा डबा दिला तर डबा मिळालेलं मूल "माझ्या आईकडे पैसे कमी आहेत" असा विचार करत नाही. "मी कमी चांगला आहे" असा करतं. म्हणून महागडी भेट सांताच्या नावावर कधीच द्यायची नाही. ती घरात, आईवडिलांच्या नावाने द्या. आमच्या १,२५० पैकी २५० सांताचे आणि १,००० आमचे.

ज्या संत निकोलसवरून सांता आला ते चौथ्या शतकात मायरा इथे, आजच्या तुर्कस्तानात, बिशप होते. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. तीन गरीब बहिणींच्या हुंड्यासाठी त्यांनी रात्रीच्या अंधारात सोन्याच्या थैल्या त्यांच्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. कुणी पाहू नये म्हणून अंधारात. आपण मात्र माईकवर नाव पुकारून देतो, म्हणून आपल्याला जास्त जपायला हवं.

एकट्याने हे करून भागत नाही, आळीने मिळून ठरवावं लागतं. मी पहिल्या वर्षी तीन घरांशी बोलले. दुसऱ्या वर्षी सांता आणणाऱ्या मुलांच्या म्होरक्याला भेटले आणि मग त्याच्याकडून ग्रुपवर हा निरोप गेला:

"सांताकडे द्यायची भेट यंदा २०० ते २५० रुपयांच्या आत ठेवूया. सगळ्यांनी खाकी कागदातच बांधावी, वर फक्त नाव. मोठी भेट द्यायची असेल तर घरी द्या. ज्यांना यंदा जमणार नाही त्यांनी मला एकट्याला फोन करावा, नाव कुठे येणार नाही."

निरोपातलं शेवटचं वाक्य विसरू नका. पहिल्याच वर्षी दोन फोन आले आणि वर्गणीतून दोन भेटी आल्या, कुणाला कळलंही नाही. खाकी कागदाची युक्ती एका आजींची. चकचकीत कागद आणि खोक्याचा आकार किंमत सांगून टाकतो. खाकी कागदात रंगपेटी आणि पत्त्यांचा डबा सारखेच दिसतात.

हे ऑक्टोबरच्या शेवटी ठरवा. डिसेंबरात लोकांनी खरेदी केलेली असते आणि मग बोलणं लागतं.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आणि शाळांत आता सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी सांता येतो आणि तिथेही भेटी पालकांकडूनच मागवतात. तिथेही हाच निरोप चालेल. शाळेत तर भेट न मागवता सगळ्यांना सारखा खाऊ दिला तर जास्त बरं. बाईंना तसं एकदा सुचवून पाहा.

दोन मुलांत सारखं म्हणजे काय?

साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मूल खोकी मोजतं. भावाला तीन आणि मला दोन, एवढंच त्याला दिसतं. त्या वयात संख्या सारखी ठेवा, किंमत कमीजास्त झाली तरी चालते. नऊ-दहानंतर मुलं किंमत बघायला लागतात. मोबाइलवर शोधूनही काढतात. मग रक्कम सारखी ठेवावी लागते आणि ती त्यांना सांगूनही टाकावी. माझ्या मुलाला मी गेल्या वर्षी सरळ सांगितलं, "तुझे हजार रुपये आहेत, काय घ्यायचं ते तू बघ." त्याने तीन आठवडे घालवले, चार वेळा मन बदललं आणि शेवटी ६५० ची बॅडमिंटनची रॅकेट घेऊन उरलेले ठेवून दिले. इतका विचार त्याने आयत्या भेटीचा कधी केला नव्हता.

चष्मा, दप्तर, शाळेचे बूट, डॉक्टरांनी सांगितलेलं एखादं साधन, यांतलं काहीही भेटीत धरू नका. एका मुलाला अशा गोष्टी जास्त लागत असतील तर त्याच्या भेटीतून ते वळते करणं हा अन्याय आहे.

चिठ्ठी कधी लिहून घ्यायची

तुमचा आकडा वहीत उतरल्यावर. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या दिवशी पहिली मेणबत्ती पेटवली की आम्ही मुलांकडून चिठ्ठी लिहून घेतो. तीन ओळी: मला सगळ्यात जास्त काय हवं, ते नाही मिळालं तर दुसरं काय चालेल, आणि मी कुणाला काय देणार. तिसऱ्या ओळीसाठी प्रत्येकाला ५० रुपये वेगळे मिळतात. मुलीने गेल्या वर्षी आजीला मोठ्या अंकांचं कॅलेंडर दिलं.

दुसऱ्या ओळीमुळे "नाही" म्हणणं सोपं जातं. मुलाने सायकल लिहिली आणि सायकल ६,५०० ची असेल तर "बघू" म्हणू नका. "बघू" म्हणजे मुलाच्या भाषेत होकार असतो, आणि मग पंचवीस तारखेला ते रडतं. असं सांगा: "सायकल साडेसहा हजारांची आहे. नाताळचे हजार आहेत. तुझ्या वाढदिवसाचे हजार, आजी देते ते पाचशे, आणि पुढच्या नाताळचे हजार धरले तर साडेतीन हजार होतात. बाकीचे तीन हजार आम्ही वर्षभरात घालतो. सायकल पुढच्या नाताळला येईल. चालेल का, की यंदा दुसरं काही हवं?" मग पैसे साठवायच्या डब्यावर आकडा लिहून तो फ्रिजवर ठेवा. हे कबूल केलं तर पाळायलाच हवं, हेही लक्षात ठेवा.

पैसे नाहीत म्हणून मुलाजवळ लाजू नका. "आपल्याला परवडत नाही" हे वाक्य शांतपणे म्हटलं की मूल ते शांतपणे ऐकतं. आपण अपराधी चेहऱ्याने म्हटलं की त्याला भीती वाटते.

खरेदी

छापील किमतीवर भरवसा ठेवू नका. दिवाळीच्या आधीच्या ऑनलाइन सेलमध्ये खेळणी स्वस्त मिळतात आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीच महाग असतात. ऑक्टोबरात घेऊन माळ्यावर ठेवलेली भेट मला नेहमी फायद्याची पडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि साध्या खेळण्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांना ती सवलत नाही, त्यामुळे बिल एकदा बघून घ्या.

बरीच मुलं असतील, म्हणजे आळीची किंवा सगळ्या भाचरांची खरेदी एकत्र असेल, तर मरीन लाइन्सला उतरून क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीट गाठणं परवडतं. दोन भेटींसाठी मात्र वसईहून जाऊ नका. तिकीट, खाणं आणि गेलेला दिवस धरला तर वसईतल्याच पापडी गावच्या दुकानात स्वस्त पडतं.

खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते सक्तीचं आहे. स्वस्त म्हणून बिनचिन्हाचं घेऊ नका, विशेषतः घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर. चपटी बटणासारखी बॅटरी गिळली तर अन्ननलिका जळते आणि तेही काही तासांत. ज्या खेळण्याच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ते २५० च्या आत बसलं तरी नको.

बॅटरीचा खर्चही भेटीच्या किमतीत धरा. चार पेन्सिल सेल लागणारी गाडी महिन्यातून दोनदा सेल मागते. आणि "हे खेळणं एकटा खेळेल की चौघं मिळून?" हा प्रश्न विचारा. कॅरमचा छोटा बोर्ड, बॅट-बॉल, पत्ते, दोरीच्या उड्या यांचा पैसा अंगणात वसूल होतो.

हप्ते आणि उधारी

मुलांच्या भेटीसाठी कर्ज घेऊ नका. यात मला कुठलीही सूट द्यावीशी वाटत नाही. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बिनव्याजी नसतं. एखादी वस्तू रोख घेतली तर ४०० ची सूट मिळून ५,६०० ला पडते. तीच हप्त्यांवर पूर्ण ६,००० ला मिळते, वर प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे २३५. बिनव्याजी म्हणून घेतलेली वस्तू ६३५ रुपयांनी महाग पडली. हप्त्यातल्या व्याजावरचा जीएसटी वेगळाच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. क्रेडिट कार्डाचं बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. सणासाठी सोनं गहाण टाकणारी घरं मी पाहिली आहेत. त्यातलं थोडं सोनं परत आलं नाही.

आखातातले मामा, कॅनडातली आत्या

आपल्याकडे बहुतेक घरांत कुणीतरी परदेशी असतं आणि डिसेंबरात सुटीवर येतं. मामा टॅब्लेट घेऊन आले की आपल्या हजार रुपयांच्या भेटीकडे मूल बघतही नाही. यात मामांचा दोष नाही, वर्षभर भेट न झालेल्या माणसाचं प्रेम असंच ओसंडतं. पण नोव्हेंबरात फोनवर सांगून ठेवता येतं: "दादा, मुलांना यंदा एकच काहीतरी आण, आणि बाकीचं त्यांच्या खात्यात टाक. आणि जे आणशील ते दोघांना एकाच दिवशी दे." माझा भाऊ पहिल्यांदा थोडा रुसला. आता तोच विचारतो.

त्यांच्या भेटीशी बरोबरी करायला आपला आकडा वाढवू नका. शक्य असेल तर आपली भेट चोवीसच्या रात्री मिस्सेहून (चर्चमधल्या उपासनेहून) आल्यावर द्या आणि त्यांची तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीला. राजेही बाळ येशूकडे सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन उशिराच पोचले होते, हे मुलांना पटतं.

६ जानेवारीची नोंद

गोठा उतरवायच्या दिवशी वही पुन्हा काढा. प्रत्येक भेटीपुढे किंमत लिहा आणि मूल अजून त्याच्याशी खेळतं का ते लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या ऑक्टोबरात आकडा ठरवताना हीच पानं उपयोगी पडतात. माझ्या वहीतली गेल्या वर्षीची नोंद अशी आहे:

मुलगा: रॅकेट, ६५०. रोज. दोरी एकदा तुटली, ८० रुपये.
मुलगी: बोलणारी बाहुली, ९४०. चौथ्या दिवसापासून कपाटावर.
मुलगी, सांताकडून: रंगीत खडू आणि पाटी, १८०. खडू संपले, नवे मागते आहे.